खोपा कोणी विणला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. खरं तर हा प्रश्न मला दर पावसाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच. बहिणाबाईंची 'अरे खोप्यामधी खोपा' वर्गात शिकवून झाली, की पालकांपैकी एखादे पक्षिमित्र भेटतात आणि हळूच म्हणतात, "बाई, सुगरणीत घरटं नर विणतो. मग 'तिनं झोका झाडाले टांगला' हे चूकच ना?"

हो, विणतो नरच. डोक्यावर पिवळी टोपी असलेला तो. गवताच्या नाहीतर भाताच्या पात्याला कडेला चोचीनं खाच पाडतो, ते टोक धरून उडतो, की लांब पट्टी सोलून निघते. अशा शेकडो पट्ट्या. घरटं अर्धवट, शिरस्त्राणासारखं झालं, की माद्या पाहणीला येतात. एखादीला पसंत पडलं, तर तो पुढची नळी विणतो आणि तिकडे ती अंडी उबवायला बसते न बसते तोच दुसरा खोपा सुरू करतो, दुसरीसाठी. पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींची वसाहत न्याहाळून 1931 साली हा सगळा संसार लिहून काढला. अंडी उबवणं सगळं तिच्याकडे आणि पिलांना भरवणंही बहुतेक तिच्याचकडे.

बहिणाबाईंनी हे पाहिलं नसेल, असं मला वाटत नाही. असोद्याच्या, जळगावच्या शेतात राबणारी बाई ती. पण 'सुगरण' हे नावच बाईचं. नर दिसला तरी आपण 'ती बघ सुगरण' म्हणतो. तेव्हा चुकीचा दोष द्यायचाच तर आधी मराठीला द्या.

गंमत पुढच्या ओळींत आहे आणि तिथं कोणी थांबत नाही.

'तिचा पिलामधी जीव, जीव झाडाले टांगला.' आधीच्या कडव्यात झाडाला टांगलेला आहे झोका. इथं शब्द तेच, पण टांगलाय जीव. जीव टांगणीला लागणं आपण रोज बोलतो, बस चुकली तरी बोलतो. बहिणाबाईंनी ते खरोखरच फांदीला लटकवून दाखवलं. आमच्याकडे हे खोपे विहिरीवर वाकलेल्या बाभळीला असतात, नाहीतर नाल्याकाठच्या शिंदीला. साप, माणसाचा हात, कोणी सहज पोचू नये म्हणून. पण वादळात फांदी मोडली, तर खाली पाणी. 'झुलता बंगला' म्हणताना हे खालचं पाणी डोळ्यांपुढे ठेवा. आणि पिलांवर जीव टांगलाय तो तिचाच, नराचा नव्हे. या ओळीपुरतं पक्षिशास्त्रही बहिणाबाईंच्याच बाजूचं.

काहीजण लगेच सांगतात की त्या तिशीत विधवा झाल्या, पदरी तीन मुलं, म्हणून ही कविता. असेलही. मला मात्र प्रत्येक ओळ वैधव्यापाशी नेऊन बांधायचा कंटाळा येतो. पुढच्याच कडव्यात त्या 'जसा गिलक्याचा कोसा' म्हणतात, ते दुःखाच्या नव्हे, निव्वळ बघण्याच्या आनंदात.

गिलकं म्हणजे घोसाळं. पुण्यातल्या मुलांना ते भाजीतलंच माहीत. म्हणून मी एक वेलावरच वाळलेलं गिलकं जपून ठेवलंय, वर्गात नेते आणि शेजारी ठेवते वाऱ्यानं पडलेला एक खोपा. गिलक्याची साल काढली की आत धाग्यांची जाळी, एकात एक गुंतलेली, कुठून सुरू झाली कळत नाही. खोप्याचंही तसंच. हातात घेतला तर जवळजवळ वजन नाही. बोटानं चाचपलं की आतल्या बाजूला वाळलेल्या चिखलाचे गोळे लागतात. ते कशासाठी, यावर वर्गात नेहमी भांडण होतं. बहुतेकांचं मत, खोपा वाऱ्यात फार हेलकावू नये म्हणून. काजवे चिकटवून दिवे लावायला, असं सांगणारा एखादा असतोच. आजीकडून ऐकलेलं असतं.

गेल्या वर्षी मी सगळ्यांना गवताची पाती वाटली आणि म्हटलं, विणा. कवितेचा शेवट तोच आहे ना: तिला उलीशी, म्हणजे इवलीशी चोच, 'तुले देले रे देवानं दोन हात दहा बोटं'. तास संपत आला तरी एकाचीही मूठभर जाळी झाली नव्हती. पाती तुटत होती, गाठी सुटत होत्या. मागच्या बाकावरचा एकजण मात्र गप्प होता. जवळ जाऊन पाहिलं, तर हात पाठीमागे आणि पातं दातांत धरून गाठ मारायची खटपट.

"बाई," तो पातं न सोडता म्हणाला, "बोटांनी जमेना, म्हणून."