गर्प्समध्ये क्लास बसवताना: माझा अनुभव

गर्प्स हा टेबलाभोवती बसून खेळायचा रोल-प्लेइंग खेळ, आणि खरं तर त्यात क्लास (योद्धा, जादूगार असे पात्रांचे ठरीव प्रकार) नसतातच. १९८६ पासून स्टीव्ह जॅक्सन गेम्सच्या या सिस्टिमचा सगळा कारभार पॉइंटवर चालतो, जीएमने (खेळ चालवणाऱ्याने) आकडा सांगायचा आणि त्यात ज्याने त्याने हवं ते घ्यायचं. पण आमच्या ग्रुपमधले निम्मे जण क्लासवर चालणाऱ्या डन्जन्स अँड ड्रॅगन्सवरून (डी अँड डी) आलेले, त्यांच्यापुढे गर्प्सच्या चौथ्या एडिशनचं पुस्तक ठेवलं की माणसं मोबाईल काढून बसतात, म्हणून मीच टेम्प्लेट, म्हणजे पात्रांचे तयार साचे, बनवून द्यायचं ठरवलं. योद्धा, चोर, तिरंदाज, जादूगार, प्रत्येकी १५० पॉइंट आणि वर डिसॲडव्हान्टेज (पात्राच्या उणिवा) घेऊन जास्तीत जास्त ५० मिळवायचे, म्हणजे खर्चायला २००. आकडा सगळ्यांना सारखा म्हणजे बॅलन्स आपोआप होतो, असं आमच्यातल्या एकाचं ठाम मत होतं (इंजिनियर आहे तो).

तसं होत नाही. का, ते चोर बनवताना कळतं. डीएक्सची (चपळाईची) एक पायरी २० पॉइंटला पडते, आणि एखादं स्किल जरा वर गेलं की पुढची प्रत्येक पायरी ४ ला. म्हणजे डीएक्सवर चालणारी पाच स्किल्स लागत असतील तर सरळ डीएक्सच घ्यावा, वर स्पीडही थोडा वाढतो तो फुकटात. चोराला लपणं, चढणं, खिसे कापणं, कसरती, दोरातून सुटणं सगळंच लागतं, त्यामुळे त्याचा डीएक्स १० वरून १५ वर जातो, १०० पॉइंट गेले. पण मग चाकूत फक्त २ पॉइंट टाकले की स्किल १६! इकडे योद्धा डीएक्स १२ वर, तलवारीत १६ पॉइंट ओतून तोही १६ वरच. वार लागायला तीन फाशांची बेरीज स्किलइतकी किंवा कमी यावी लागते, आणि १६ किंवा कमी यायची शक्यता ९८ टक्के, म्हणजे वार दोघांचेही लागणारच, आणि योद्धा घेतलेल्या माझ्या मावसभावाचं म्हणणं, मग मी काय फक्त ढाल धरून उभा राहू का.

मी दोघांना खोट्या लढाईत उतरवलं, समोर साखळी चिलखत घातलेला शिपाई. चिलखताचा डीआर ४, म्हणजे प्रत्येक वाराच्या डॅमेजमधून ४ वजा. चोराची एसटी (ताकद) १० आणि मोठा चाकू, डॅमेज एक फासा वजा २, म्हणजे सहा पडला तरी चारच, शिपायाला ओरखडासुद्धा नाही. योद्ध्याची एसटी १३, दोन फासे, सरासरी ७. आता रडायची पाळी चोराची, आणि ती वाजवी होती. दोघांनी घेतलेला १६ हा आकडा एकच, पण पुढे तो भिडतो कशाला त्यावर सगळं.

इथे मी किमतींना हात लावला नाही. काही जीएम लगेच डीएक्सची पायरी २५ ला करतात, मग योद्ध्याचंही गणित बिघडतं आणि आपण शेवटपर्यंत ठिगळं लावत बसतो. त्यापेक्षा चोराचं टेम्प्लेट बदललं: एसटी ११, शॉर्टस्वोर्ड, आणि मागून न दिसता जाऊन मानेवर वार. मानेचे उणे ५, पण सगळा जोर लावून केलेल्या हल्ल्याचे अधिक ४, म्हणजे १५ वर, आणि मानेवर कापणारा घाव दुप्पट बसतो. मात्र असा हल्ला केला की त्या सेकंदात स्वतःचा बचाव करता येत नाही, त्यामुळे आजूबाजूला दुसरा कोणी असेल तर संपलंच. चोर खेळणारी आमची मैत्रीण आता प्रत्येक खोलीत शिरण्याआधी आत किती जण आहेत हे विचारते, जे आधी कधीच विचारायची नाही.

जादूगार मात्र जास्त त्रासदायक निघाला. आयक्यू १४ ला ८० पॉइंट, मॅजरी (जादूची देणगी) ३ ला ३५, आणि मग नेहमीच्या ‘हार्ड’ गटातल्या मंत्रात एकच पॉइंट टाकला की १४ वजा २ अधिक ३, बरोबर १५. आणि पंधराला मंत्राचा एफपीतला (दमाच्या पॉइंटांमधला) खर्चही एकाने कमी होतो! म्हणजे वीस मंत्र वीस पॉइंटात, सगळे पंधरावर. तेही चाललं असतं, पण आयक्यूबरोबर पर्सेप्शनही (आजूबाजूचं टिपण्याची क्षमता) १४ होतं, त्यामुळे सापळा, लपलेलं दार, झुडपातला माणूस, सगळं आधी जादूगारालाच दिसायचं आणि चोर नुसता बघत बसायचा. म्हणून टेम्प्लेटमध्येच लिहिलं की पर्सेप्शन ११ वर आणायचं, सुटलेल्या १५ पॉइंटांची ५ एफपी घ्यायची. हे तिला (जादूगार आमची वहिनी खेळते) इतकं आवडलं की भांडण झालंच नाही, कारण एफपी संपली की जादूगाराला दहा-दहा मिनिटं बसून एकेक परत मिळवावी लागते.

तिरंदाजाला फारसं काही करावं लागलं नाही. लांबवरून तो भारी पडतोच, पण बाण लावायला वेळ जातो, आणि तळघरातल्या खोल्या पाच-सहा यार्डाच्या असल्या की शत्रू दोन सेकंदात अंगावर. मोकळं मैदान दिलं त्या दिवशी तो हिरो, तेवढं चालतं.

आता राहिला पुजारी. बरं करणं हे लढाईत फारच महत्त्वाचं असतं आणि तरी ते करणारा माणूस कंटाळतो, याला पॉइंटमध्ये काय उत्तर आहे ते अजून शोधतोय. सध्या त्याला एक गदा आणि थोडी दादागिरी देऊन बघणार आहे.