बोल्झानोचा ओत्झी, सात वर्षांच्या मुलीसोबत

व्हेरोनाहून रेल्वेने दीड-दोन तासांत बोल्झानो येतं. इटलीत असूनही निम्म्या पाट्या जर्मनमध्ये असलेलं हे गाव आम्ही गाठलं ते एका माणसासाठी. सप्टेंबर १९९१ मध्ये आल्प्सच्या ३,२१० मीटर उंचीवर, वितळत्या बर्फात तो एका जोडप्याला दिसला. पाच हजार वर्षांहून जुना. नाव पडलं ओत्झी. आता त्याचा गोठलेला देह इथल्या पुरातत्त्व संग्रहालयात ठेवलाय.

लेकीला मृतदेह दाखवावा का, यावर आदल्या रात्री आम्हा दोघांत बराच खल झाला. शेवटी तिलाच सांगितलं, "तिथे खूप जुना, मेलेला माणूस आहे. बघायचं की नाही ते तू ठरव." तुम्हीही आधी बोलून घ्या. ओत्झी वेगळ्या शीतकक्षात आहे, उणे ६ अंशांत, आणि छोट्याशा खिडकीतूनच दिसतो. त्यामुळे खिडकी टाळूनही बाकी सगळं बघता येतं.

आम्ही सुरुवात त्याच्या सामानापासून केली आणि ते फार बरं झालं. अस्वलाच्या कातड्याची टोपी, तांब्याची कुऱ्हाड, आत गवत कोंबलेले जोडे. भूर्जसालीच्या डब्यात तो निखारे पानांत गुंडाळून न्यायचा, हे वाचून दाखवल्यावर मी तिला सांगितलं, की माझी आजी शेजारणीकडून विस्तव आणायची. तिथून तो तिच्यासाठी 'ममी' राहिलाच नाही. अंगावर ६१ खुणा आहेत म्हटल्यावर तिने विचारलं, "पणजीच्या हातावर होतं तसं गोंदण?" तसंच. फक्त याचं बरंचसं घोटे, गुडघे, कंबर अशा दुखऱ्या जागी आहे, म्हणून तो उपचार असावा असं अभ्यासकांना वाटतं.

मग ती आपणहून खिडकीकडे गेली. मी उचलून धरलं. बराच वेळ गप्प होती. "कसा मेला?" हा प्रश्न येणारच, उत्तर तयार ठेवा. डाव्या खांद्यात बाणाचं टोक रुतलेलं आहे. ते २००१ मध्ये, म्हणजे सापडल्यावर दहा वर्षांनी, एक्स-रेत दिसलं. मी खरं तेच सांगितलं: कुणीतरी मागून बाण मारला, कुणी ते कळलेलं नाही. तिला ते पेललं.

तिकीट वेळेसह ऑनलाइन काढा. जुलै, ऑगस्ट, डिसेंबर सोडले तर सोमवारी बंद असतं. माहिती इंग्रजीतही आहे, पण मुलांना तुम्हीच वाचून दाखवा. दोन तास पुरतात. स्टेशनवरून चालत जाता येतं.

खाऊचा डबा सोबत असू द्या. संग्रहालयाजवळच तालवेरा नदीकाठी मोठी हिरवळ आहे. तिथे आम्ही पोळीचे रोल उघडेपर्यंत लेकीने बूट काढून त्यात गवत भरायला घेतलं होतं.