भल्यासाठी बसलेल्यांत वकील कशाला?

मुलांच्या न्यायालयात वकिली करते म्हटलं की लोक हमखास विचारतात, "तिथे तर सगळे मुलाचं भलंच बघतात. मग तुम्ही भांडता कुणाशी?"

त्या भल्याशीच.

शिकागोत १८९९ साली मुलांसाठी वेगळं न्यायालय निघालं, ते न्यायाधीशाला वडिलांच्या जागी मानून. वडिलांसमोर वकील कशाला? १९६४ मध्ये अ‍ॅरिझोनात जेराल्ड गॉल्ट या १५ वर्षांच्या मुलाला, शेजारणीला अश्लील फोन केल्याच्या आरोपावरून उचललं. आईवडील कामावर होते; घरी चिठ्ठीसुद्धा ठेवली नाही. ती बाई सुनावणीला फिरकलीच नाही. तरी वयाच्या २१व्या वर्षापर्यंत सुधारगृहात ठेवण्याचा हुकूम! मोठ्या माणसाला याच गुन्ह्यात फार तर ५० डॉलर दंड किंवा दोन महिने कैद झाली असती. १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम फिरवला, तेव्हा कुठे अशा मुलांना वकील आणि उलटतपासणीचा हक्क मिळाला.

माझ्याकडे आलेला एक मुलगा, आरोप चोरीचा. न्यायालयात त्याला विचारलं, "केलंस ना?" "चुकलं." "परत करशील?" "नाही." सगळ्यांना हायसं वाटलं. मी बाहेर नेऊन विचारलं, नेमकं काय चुकलं रे? चपलेच्या सुटलेल्या पट्ट्याशी चाळा करत तो म्हणाला, "त्या पोरांबरोबर फिरलो ते." चोरीच्या रात्री तो घरी झोपला होता. ते त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

पण भांडून मीही एकदा तोंडघशी पडलेय. एका मुलाला बजावलं, अवाक्षर काढू नकोस. तो सुटला, मी खूश. माझं ऐकून तो समुपदेशकापुढेही गप्प राहिला, आणि त्याला चोरीला धाडणारा कोण ते कुणालाच कळलं नाही. काही महिन्यांनी पुन्हा सापडला, त्याच कामात.

म्हणून आता, गुन्हा केला की नाही हे ठरेपर्यंत मी इंचभर मागे हटत नाही. तोवर घरच्या परिस्थितीचा अहवाल वाचायलाही हरकत घेते. 'बाप दारुडा' एवढं वाचलं की लंगडा पुरावाही धावायला लागतो. एकदा ते ठरलं, की मात्र समुपदेशकाशेजारी खुर्ची ओढून बसते. फक्त एक अट आधी घालते: मुलगा त्यांच्याशी जे बोलेल ते त्याच्याविरुद्ध वापरायचं नाही. तसं लेखी हातात आलं की त्याला सांगते, "आता बोल."