तुम्ही विचारलंत म्हणून: सेंद्रिय कापूस, पण किती टक्के?

माझं काम काय ते कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "सेंद्रिय कापसाच्या कपड्याने पर्यावरणाचं नुकसान खरंच कमी होतं का? किती टक्क्यांनी?" काही जण आकडा सोबतच आणतात: 91 टक्के कमी पाणी. नागपूरला सीताबर्डीच्या दुकानात शर्टाच्या लेबलवर वाचलेला असतो.

कापसाचा पर्यावरणावर किती भार पडतो ते मोजायला मी काटोल-सावनेरकडच्या वावरांतून नोंदी गोळा करते, म्हणून त्या 91 पासूनच सांगते. तो 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासातून आला. एक टन सेंद्रिय रुईला, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाला, सिंचनाचं 182 घनमीटर पाणी, आणि तुलनेला घेतलेल्या नेहमीच्या रुईला 2,120 घनमीटर. आकडे खोटे नाहीत. पण सेंद्रिय शेतं बरीचशी पावसावरची होती आणि दुसऱ्या बाजूला ओलिताची पुष्कळ होती. आता आमच्याकडे या. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, अलीकडे सेंद्रिय पऱ्हाटी (कापसाचं झाड), पलीकडे युरिया आणि फवारणीची. जमीन तीच काळी, आणि दोन्हींना पाणी आभाळाचं. त्या दोन वावरांत सिंचनाच्या पाण्याचा फरक शून्य. विदर्भातला बहुतेक कापूस असाच कोरडवाहू आहे, म्हणून ते 91 टक्के इथल्या शर्टावर छापलेलं पाहिलं की मला त्रास होतो.

मग फरक कशात? युरिया कारखान्यात बनतानाच भरपूर इंधन खातो. वावरात टाकलेल्या नत्राचा थोडा भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो, आणि हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट तापवतो. मात्र शेणखतातही नत्र असतं, तिथूनही तो निघतो. म्हणून शेणखत किती टाकलं हे नेमकं कळायला हवं, आणि खरी अडचण इथे आहे.

एका काकांच्या वहीत पाच एकरांसाठी लिहिलं होतं, "शेणखत 40 बंड्या". बंडी म्हणजे बैलगाडी. मी विचारलं, एका बंडीत किती किलो? ते म्हणाले, "बंडी म्हणजे बंडी नं ताई, तिले कोण मोजते?" आम्ही तोवर बंडीमागे 400 किलो धरत होतो. त्या दिवशी बंडी जिनिंगच्या धर्मकाट्यावर नेली, भरलेली एकदा, रिकामी एकदा. बैल काट्याच्या लोखंडी पत्र्यावर चढायलाच तयार नव्हते, शेवटी काकांनी कुटार दाखवून चढवले. निव्वळ वजन 630 किलो. म्हणजे 16 टन धरलेलं खत 25 टनांवर गेलं, आणि वायूचा आमचा सगळा हिशेब बदलला. खत ओलं होतं, तेव्हा वाळल्यावरचं वजन वेगळं काढावं लागलं.

दुसरा पेच उताऱ्याचा. समजा सेंद्रिय वावरात एकरी 5 क्विंटल कापूस आला आणि शेजाऱ्याकडे 8. एकरामागे मोजलं तर सेंद्रिय वावर बरंच पुढे दिसतं, किलोमागे मोजलं की अंतर आक्रसतं, कधी उलटतंही. मी दोन्ही आकडे देते. एकच द्या म्हणणाऱ्यांना नाही म्हणते. ओळींमध्ये तूर असते, जिनिंगनंतर रुई साधारण तिसरा हिस्साच निघते आणि बाकी बहुतेक सरकी. तूर आणि सरकीच्या वाट्याचा भारही आधी वेगळा करावा लागतो.

शिवाय शर्ट वावरातून थेट दुकानात जात नाही. सूतकताई आणि रंगाईला वीज लागते, वाफ लागते. कोळशाच्या विजेबद्दल नागपूरकरांना वेगळं काय सांगू, कोराडीच्या चिमण्या आपल्याला लांबूनही दिसतात. वावरात वाचवलेला कार्बन रंगाईत सहज बुडू शकतो.

एवढं सगळं असूनही मी सेंद्रिय कापसाच्या बाजूची आहे, आणि त्याचं कारण लेबलवर मावत नाही. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. आमच्या पद्धतीत विषारीपणाचा रकाना आहे. किती औषध मातीत गेलं, किती पाण्यात, ते त्यात धरलं जातं. पण डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत पाठीवर पंप घेऊन शिरलेल्या माणसाच्या अंगावर, डोळ्यांत, श्वासात किती गेलं, ते त्या रकान्यात येत नाही. सेंद्रिय वावरात निंबोळी अर्क फवारून आलेला गडी हातपाय धुऊन जेवायला बसतो. हा फरक मी डोळ्यांनी पाहिलाय आणि माझ्यासाठी तो सगळ्यात मोठा आहे. तो माझ्या तक्त्यात अजून बसवता आलेला नाही.

म्हणून कुणी टक्के विचारले की मी आधी विचारते, कापूस कुठला आणि तुलना कुणाशी? काकांनी मात्र टक्के कधीच विचारले नाहीत. परवा त्यांचा फोन आला, यंदाचं खत वाळलंय, काटा सकाळी मोकळा असतो, लवकर या.