बेचाळीस मिलिमीटर

माण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी सातवीला विज्ञान शिकवते. पुस्तकातल्या जलचक्रात समुद्र, वाफ, ढग, डोंगर, पाऊस असं सगळं फिरून जागेवर येतं. आमच्याकडं मात्र जून-जुलैत ढग डोक्यावरून नुसते पूर्वेला पळतात. त्या वर्षी एका मुलीनं विचारलंच, "बाई, एवढं ढग जात्यात, मग आपल्याकडंच का पडत न्हाईत?"

प्रश्न खरा होता. महाबळेश्वर आमच्याच जिल्ह्यात, सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटरवर. तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, माणमध्ये पाचशेच्या आसपास. अरबी समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्रीला अडून वर चढते. वर दाब कमी, म्हणून ती पसरते आणि गार होते. वाफेचे थेंब होतात आणि बरंचसं पाणी तिकडंच कोसळतं. घाट उतरून अलीकडं येताना तीच हवा दाबली जाऊन तापते आणि ढग विरत जातात. आपण पर्जन्यछायेत राहतो, हे मुलांना त्या दिवशी नकाशावर बोट ठेवून पटलं.

मग आम्ही पर्जन्यमापक केला. सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली घेतली, वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवला, तळाच्या खळग्यात खडे टाकून शून्याच्या रेघेपर्यंत पाणी भरलं आणि बाहेरून पट्टी चिकटवली. झाडापासून, भिंतीपासून लांब, उघड्या मैदानात ठेवला. नोंद सकाळी साडेआठला, हवामान खात्याचीही वेळ तीच. कितीतरी दिवस वहीत शून्यच येत होतं. शून्यही लिहायचंच, यावर मी अडून बसले.

सप्टेंबर संपता संपता एक दिवस भयंकर उकडलं. संध्याकाळी आभाळ काळंभोर झालं आणि विजांसह परतीचा पाऊस रात्रीपर्यंत झोडपत राहिला. सकाळी मी पोचले तर मुलं बाटलीभोवती गोळा झालेली. बेचाळीस मिलिमीटर!

तेवढ्यावर ती थांबली नाहीत, याचा मला फार आनंद आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, हे शिकवलेलं होतं. दोन पोरांनी टेप आणून छप्पर मोजायला घेतलं. एकजण उतरता पत्रा मोजू लागला, तर त्या मुलीनंच त्याला अडवलं, "पत्र्याचा उतार न्हाई, खाली जेवढी जागा झाकती तेवढीच धरायची." पाऊस वरून पडतो, तेव्हा तिचंच बरोबर. पंधरा मीटर लांब, सहा मीटर रुंद, म्हणजे नव्वद चौरस मीटर. नव्वद गुणिले बेचाळीस, ३,७८० लिटर. सांडलं, उडालं म्हणून पाचवा हिस्सा सोडला तरी तीन हजारांवर उरतं. पंधरा लिटरच्या घागरीनं दोनशे घागरी! उन्हाळ्यात टँकरपाशी रांग धरणाऱ्या मुलांना या आकड्याचा अर्थ मी वेगळा सांगायची गरज नव्हती. एका रात्रीत एवढं पाणी पत्र्यावरून मातीत वाहून गेलं होतं.

शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत तीच वही पुढं ठेवून मुलांनी पन्हळ आणि टाकी मागितली. पन्हळ बसली आहे, टाकीसाठी वर्गणी सुरू आहे.