खसाखसा

दुपारी अडीचला वाळलेले कपडे काढायला गॅलरीत गेले. खाली पार्किंगमध्ये, दोन स्कूटरींच्या मधल्या सावलीत सोसायटीच्या झाडलोटवाल्या दोघी मावश्या डबा खाऊन टेकल्या होत्या. एकीने अंबाड्यात बोटं खुपसून खसाखसा खाजवलं. दुसरीने मोबाइल खाली ठेवला, मांडी घातली, आणि पहिली पाठ करून तिच्या पुढ्यात सरकली. अवाक्षर नाही. मी हातात चादर धरून तशीच उभी.

नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात आठ बिऱ्हाडं आणि एक नळ. दुपारी नळ गेला की मागच्या चौकात बायकांची माळ लागायची. काकूंच्या डोक्यात त्यांची सून, सुनेच्या डोक्यात तिची धाकटी जाऊ. आजीच्या डोक्याची मानकरी मी. (उवा माझ्याच शाळेतून आलेल्या, पण ते कुणी काढत नसे.) आजी हाक मारायची नाही. पदर खाली घ्यायची आणि कानामागे मोठ्याने खाजवायची. सागरगोटे टाकून मी मुकाट्याने हजर. जरा खाली खाजवलं की त्याचा अर्थ, तिथे नाही गं, इथे. ऊ सापडली की दोन अंगठ्यांच्या नखांत टच्! आणि आजीच्या घशातून एक तृप्त 'हं'.

युगांडातल्या चिंपांझींची अगदी हीच तऱ्हा आहे. तिथल्या बुडोंगोच्या जंगलात कॅथरीन होबेटर आणि रिचर्ड बर्न या संशोधकांनी त्यांचे 66 हावभाव टिपले आणि त्यांचे 19 अर्थ लावले. 2014 सालची गोष्ट. त्यात लांबलचक, ऐकू जाईल असं खाजवणं म्हणजे 'ये, केस बघ'. किबालेच्या जंगलात तर एकाने जिथे मुद्दाम खाजवलं, तिथेच दुसरा बघायला लागतो. म्हणजे 'इथे गं'सुद्धा आहे.

आणि आपण काय केलं? 1950 च्या सुमारास अमेरिकेत हेज दांपत्याने व्हिकी नावाची चिंपांझीण पोटच्या पोरीसारखी वाढवली. बोटांनी तिचे ओठ दाबून दाबून शब्द वदवले. आले चारच: मामा, पापा, कप, अप. बिचारीच्या तोंडाच्याच मागे लागले. हाताची पाळी आली ती 1966 मध्ये. गार्डनर दांपत्याने वॉशू नावाच्या चिंपांझिणीला मूकबधिरांच्या खुणा शिकवायला घेतल्या, आणि ती शंभरावर खुणा शिकली.

मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबर म्हणतात, टोळी वाढली, एकेकाचे केस बघत बसायला दिवस पुरेना, म्हणून माणसाने तोंड चालवायला घेतलं. केस एकाचेच बघता येतात, गप्पा तिघांशी मारता येतात. मला हे पटतं आणि पटत नाही. डनबरसाहेबांनी वाड्याचा मागचा चौक बघितलेला नाही. तिथे हात आणि तोंड एकदमच चालायचं. कुणाची सून माहेरी का राहिली, कुणाच्या रेशनकार्डावर कुणाची साखर येते, हे सगळं मला उवांबरोबरच कळलं. हातांना तोंडाची अडचण कधी झाली नाही. पण जाऊ दे. पॅरिसच्या भाषाशास्त्रज्ञांच्या मंडळाने 1866 मध्ये नियमच केला होता, भाषेच्या उगमावरचा निबंध घ्यायचा नाही म्हणून. असा एखादा नियम आमच्याही घरात हवा होता, निदान दुपारच्या वेळी.

मला अजून कुणी शेजारी बसून डोकं खाजवलं की हात शिवशिवतात. पीएमटीत तर फारच पंचाईत व्हायची. पुढच्या सीटवरच्या बाईच्या मानेवर ऊ चालताना दिसली तर स्वारगेटपर्यंत हातावर हात दाबून बसायचे.

आजीला अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. वाडा पडून फ्लॅट झाला होता, चौक नव्हता. दुपारी मी तिच्या खोलीत पेपरांचा अभ्यास करत बसायचे. ती डाव्या हाताने कानामागे खाजवायची. खसाखसा, माझ्याकडे बघत. मी विचारायचे, "काय हवंय आजी? पाणी?" चमच्याने पाणी पाजायचे. उशी बदलायचे. ती परत खाजवायची.

मी कोपऱ्यावरच्या दुकानातून खाजेची पावडर आणली आणि तिच्या मानेला नीट लावून दिली.