एका राइट बॅकची वारी

फाँतेनब्लो-आव्हों स्टेशनवर गाडी थांबली की बहुतेक पर्यटक एकाच दिशेला वळतात, राजवाड्याकडे जाणाऱ्या बसच्या. पॅरिसच्या गार द लिओंहून इथं यायला पाऊण तासही लागत नाही. 1814 मध्ये गादी सोडल्यावर नेपोलियननं आपल्या जुन्या शिपायांचा निरोप घेतला तो याच राजवाड्याच्या अंगणात. तिथला घोड्याच्या नालेसारखा जिना बायकोला बघायचाच होता. "तू जा, मी येतो मागनं," म्हटलं आणि मी स्टेशनच्या दुसऱ्या अंगाला वळलो. तिनं काही विचारलं नाही. कोल्हापूरची आहे, आमचं फुटबॉलचं वेड तिला माहीत आहे.

मला आव्हों बघायचं होतं. फाँतेनब्लोला खेटून असलेलं हे गाव. त्यातल्या ले फुजेर नावाच्या वस्तीत लिलियाँ थुराम वाढला, फ्रान्सच्या फुटबॉल संघाचा राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बचावपटू. फुजेर म्हणजे नेचे. शेजारीच मोठं जंगल आहे, नाव तिथूनच आलं असावं. एका पान-तंबाखूच्या दुकानात शिरून मी "थुराम?" असं विचारलं. काउंटरवरचा माणूस नुसता बघत राहिला. पुन्हा विचारलं. शेवटी नाइलाजानं मी एक गुडघा टेकल्यासारखं करून ओठांवर बोट ठेवलं. "आ, त्युराम!" एवढं म्हणून तो दारापर्यंत आला आणि हातानं रस्ता दाखवला. पंचवीस वर्षं आम्ही ज्याला थुराम-थुराम म्हणत आलो, त्याचं नाव त्याच्याच गावात कुणाला कळेना!

वस्तीत बघण्यासारखं काही नाही, हे आधीच सांगतो. इमारती, पार्किंग, थोडं गवत. पण थुरामची गोष्ट इथंच सुरू होते. त्याचा जन्म 1 जानेवारी 1972 चा, कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप या फ्रेंच बेटावरचा. आई पाच पोरांना एकटीनं वाढवत होती. ती आधी कामासाठी पॅरिसकडे आली, पोरं मागाहून 1981 मध्ये. नऊ वर्षांचं पोर बेटावरून थेट या थंडीत! तो सुरुवातीला इथल्या पोर्तुगीज लोकांच्या क्लबकडून खेळला. मला हे फार ओळखीचं वाटतं. आमच्या कोल्हापुरात फुटबॉलचे संघ पेठेचे नि तालमींचे असतात, इथं आलेल्या माणसांनी आपापले क्लब काढले. पुढं मोनाकोचा क्लब, तिथं कोच आर्सेन वेंगरनी त्याला मोठ्या संघात उतरवलं. मग 1996 ला इटलीतला पार्मा क्लब.

पार्माबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण आमच्या पिढीतल्या बॅकवाल्यांचं ते तीर्थक्षेत्र. गोलमध्ये बुफाँ, पुढं कान्नावारो आणि थुराम. 1999 च्या युएफा कप फायनलमध्ये फ्रान्सच्या मार्से क्लबला 3-0 नं हरवलं त्यांनी. 2001 मध्ये बुफाँ आणि थुराम दोघंही युव्हेंटसला गेले, पुढं बार्सिलोना, ते सगळं ठीक आहे. पण पार्माची ती भिंत पुन्हा झाली नाही, असं माझं मत. थुरामचा मोठा मुलगा मार्कुस पार्मातच जन्मला, त्याचं नाव कृष्णवर्णीयांचे नेते मार्कस गार्वी यांच्यावरून ठेवलं. आता तो इटलीतच खेळतो, पण फॉरवर्ड. बॅकच्या पोटी फॉरवर्ड!

दुसऱ्या दिवशी स्ताद द फ्रान्स. गार द्यू नॉरवरून लोकल पकडली की पुढचंच स्टेशन. 18 सुयांसारख्या खांबांवर लटकवलेलं छप्पर लांबून तबकडीसारखं दिसतं. आत 80 हजारांच्या आसपास माणूस मावतं, आणि पळण्याचा ट्रॅक लागला की खालच्या खुर्च्या चक्क मागं सरकतात. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर वाढलेल्या माणसाला हे जरा अतिच वाटतं.

मार्गदर्शक मुलगी 1998 च्या वर्ल्ड कप फायनलचं सांगत होती, झिदानचे दोन हेडर. मी विचारलं, सेमीफायनलचे गोल कुठं झाले? ती हसली. असे लोक येत असावेत.

8 जुलै 1998. आमच्याकडे 9 तारीख लागली होती, रात्रीचे साडेबारा. तालमीत एकच टीव्ही, पाऊस, आणि मी सतरा वर्षांचा राइट बॅक. 46 व्या मिनिटाला क्रोएशियाच्या सुकेरनं गोल मारला. बाकी बॅक पुढं सरकले होते, थुराम एकटा मागं राहिला, म्हणून सुकेर ऑनसाइड, म्हणजे गोल नियमात. आमचे सर खुर्चीतून ओरडले, "लाइन! लाइन!" सगळ्या बॅकनी एका ओळीत राहायचं, ती लाइन; हा शब्द मी रोज शिव्यांसकट ऐकत होतो. पुढच्याच मिनिटाला त्याच थुरामनं समोरच्या पेटीजवळ बोबानच्या पायातला चेंडू काढला, जोडीदार जोरकाएफला देऊन परत घेतला आणि गोल. मग 70 व्या मिनिटाला उजवीकडून, तोही डाव्या पायानं, लांबच्या पोस्टला. आणि तो गुडघ्यावर बसला, ओठांवर बोट, जणू कुणीतरी अवघड गणित घातलंय. 2-1.

फ्रान्ससाठी तो 142 सामने खेळला. 2022 मध्ये गोलकीपर लोरीसनं मागं टाकेपर्यंत पुरुषांत तो विक्रम होता. या 142 सामन्यांत गोल फक्त दोन, आणि ते दोन्ही त्या एका रात्री. बाकीच्या 141 सामन्यांत त्यानं काय केलं? जे होऊ दिलं नाही, ते. त्याची हायलाइट्स निघत नाहीत.

2008 मध्ये पॅरिसच्या क्लबकडे जाण्याआधी तपासणीत हृदयाचा दोष निघाला आणि खेळ थांबला. त्याच वर्षी त्यानं वंशभेदाविरुद्ध शाळांतून काम करणारी संस्था काढली. पण ते काही निवृत्तीनंतरचं सुचलेलं काम नव्हे. ऑगस्ट 2006 मध्ये पॅरिसजवळच्या काशाँ इथल्या इमारतीतून पोलिसांनी तिथं बेकायदा राहणाऱ्या लोकांना हुसकावलं, तेव्हा त्यातल्या कित्येकांना त्यानं सप्टेंबरमध्ये याच मैदानावर इटलीविरुद्धचा सामना बघायला बोलावलं होतं. तेव्हा तो अजून फ्रान्ससाठी खेळत होता. लाइन सोडून पुढं येण्याची सवयच म्हणायची.

मैदानाच्या कडेला उभा राहून मी सरांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळचे साडेसात. सर आता ऐंशीला टेकलेत. त्यांना गवत दाखवलं, गोलपोस्ट दाखवली. "सर, इथं. इथनं मारला बघा."

सर बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "ते खरं रं. पण सुकेरला ऑनसाइड कुणी ठेवला, ते विचार की त्या पोरीला."